प्रश्न तुमचे : झोपाळ्याचे पोल कुठे असतात?

गेल्या अंकात फिल्टरबद्दल चार ओळी लिहिल्या आणि ट्रान्सफर फंक्शनवर (यंत्राला काय दिलं की काय बाहेर येतं, ते सांगणाऱ्या अपूर्णांकावर) इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. चार पत्रं निवडली. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, पण बाकीची तीन उत्तरं त्याच्याच आधाराने उभी आहेत, म्हणून वाचताना ते गाळू नका.

प्रश्न : मॅडम, मी इथे बडोद्यातच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ट्रान्सफर फंक्शनचा छेद ज्या किमतीला शून्य होतो तो पोल, अंश ज्या किमतीला शून्य होतो तो झिरो, हे पाठ आहे. कॉम्प्युटरवर बोडे प्लॉट, म्हणजे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेखही काढता येतो. पण व्हायव्हाला सरांनी डोक्यावरच्या पंख्याकडे बोट करून विचारलं, 'याचा पोल कुठे आहे?' आणि मला एक शब्द बोलता आला नाही. पोल खरोखर कुठे असतो? आणि पोल-झिरो दिलेले असतील तर फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती उत्तर मिळतं ते, हाताने कसा काढायचा?
— एक विद्यार्थिनी, कारेलीबाग

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि ते हातात घेऊनच झोपाळ्यावर जाऊन बसले. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात ओसरीवर संखेड्याचा झोपाळा आहे. कडांवरचा लाखेचा रंग उडालाय, पितळी कड्या अजून शाबूत आहेत. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी सासूबाई यावर बसून उंधियूची पापडी निवडायच्या. डोळे पापडीवर, हात चालू, आणि उजव्या पायाचा अंगठा दर फेरीला एकदा लादीला टेकायचा. झोपाळा थांबायचा नाही आणि वाढायचाही नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात मी ट्रान्सफर फंक्शन शिकले, पण ते समजलं त्या अंगठ्याकडे बघताना. त्यामुळे तुला झोपाळ्यावरूनच सांगते.

आधी पोल मोजू. सामान अगदी थोडं लागतं. सेकंद दाखवणारं घड्याळ, खडू, आणि पाटावर ठेवायला तांदळाची दहा किलोची पिशवी. माणूस बसला की नकळत पाय लावतो, म्हणून पिशवी. झोपाळा वीतभर मागे ओढायचा, लादीवर खडूने खूण करायची आणि हात सोडायचा. ढकलायचं नाही. दहा फेऱ्यांना आमच्याकडे ३० सेकंद लागले, म्हणजे एक फेरी ३ सेकंदांची. मग दुसरं माप घ्यायचं : झोका निम्मा व्हायला किती फेऱ्या लागतात? आमच्याकडे ८ लागल्या, म्हणजे २४ सेकंद.

एवढ्यावर दोन्ही पोल हाती येतात. एका फेरीचे ६.२८ रेडियन, त्यांना ३ ने भागलं की दर सेकंदाला २.०९ रेडियन. हा पोलचा उभा आकडा. २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६९३, त्याला २४ ने भागलं की ०.०२९. हा आडवा आकडा, आणि झोका कमी होत जातो म्हणून तो उणे. तेव्हा आमच्या झोपाळ्याचे पोल आहेत −०.०२९ + जे २.०९ आणि −०.०२९ − जे २.०९ (जे म्हणजे उणे १ चं वर्गमूळ). एक आडव्या रेघेच्या वर, दुसरा तितकाच खाली. समीकरणातले सगळे सहगुणक वास्तव संख्या असतात, म्हणून संमिश्र पोल नेहमी अशा जोडीनेच येतात.

आता सरांना सांग : वस्तू सोडून दिली, तिला कुणी हात लावला नाही, तर ती आपल्या स्वभावाने किती वेगात हेलकावे घेते आणि किती लवकर शांत होते, हे सांगणारा आकडा म्हणजे पोल. पंखा हेलकावे घेत नाही, त्यामुळे त्याचा पोल आडव्या रेघेवर बसतो. बटण बंद केल्यावर वेग ३७ टक्क्यांवर यायला २० सेकंद लागले, तर पोल −०.०५ वर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून पंख्याचं हे उत्तर अंदाजाचं. झोपाळ्यातही एक खोच आहे. कड्यांचं कोरडं घर्षण वेगाच्या प्रमाणात नसतं, त्यामुळे शेवटचे बारीक झोके हिशोबापेक्षा लवकर मरतात. माप सुरुवातीच्या दहा-बारा फेऱ्यांवरच घ्यावं.

पोलांवरून मॉडेल लिहायचं. एस हे ट्रान्सफर फंक्शनमधलं चल. प्रत्येक पोलमागे छेदात एक अवयव, एस वजा तो पोल. दोघांचा गुणाकार केला की छेद होतो (एस + ०.०२९)² + २.०९². आणि इथेच बहुतेक मुलं एक गोष्ट विसरतात. पोल-झिरो वक्राचा आकार सांगतात, उंची सांगत नाहीत. उंचीसाठी के हा स्वतंत्र आकडा लागतो आणि तो वेगळा मोजावा लागतो. झोपाळा हळूच, एकसारख्या जोराने ओढून धरला तेव्हा जेवढा सरकला, त्याला आपण १ म्हणू. जोर बदलत नाही म्हणजे फ्रीक्वेन्सी शून्य, तेव्हा एस शून्य असताना उत्तर १ यायला हवं, आणि छेद तिथे ४.३७ आहे, म्हणून के = ४.३७. मॉडेल तयार झालं.

आता आलेखाचा कागद उभा धर आणि एका सेंटीमीटरला ०.२५ असं प्रमाण घे. आडवी रेघ वास्तव भागाची, उभी रेघ जेच्या आकड्यांची. पोलांच्या जागी फुल्या मार. झिरो असतील तिथे पोकळ गोल. आपल्या फुल्या उभ्या रेघेपासून जेमतेम सव्वा मिलिमीटर डावीकडे येतील. पेन्सिलीला टोक काढून घे. ज्या फ्रीक्वेन्सीचं उत्तर हवं, तेवढं अंतर उभ्या रेघेवर वर मोजून तिथे टिंब दे. मग प्रत्येक फुलीपासून आणि प्रत्येक गोलापासून त्या टिंबापर्यंत बाण काढ. गोलांच्या बाणांच्या लांब्यांचा गुणाकार, त्याला फुल्यांच्या बाणांच्या लांब्यांच्या गुणाकाराने भागायचं, आणि के ने गुणायचं. हे झालं मॅग्निट्यूड, म्हणजे उत्तर किती पट ते. गोलांच्या बाणांचे आडव्या रेघेशी होणारे कोन मिळवायचे, फुल्यांच्या बाणांचे वजा करायचे. ही झाली फेज, म्हणजे उत्तर किती पुढे-मागे ते. टिंब उभ्या रेघेवर वर वर सरकवत न्यायचं आणि जागोजागी हीच मापं घ्यायची, की पूर्ण फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स मिळतो. कॉम्प्युटरही प्रत्येक टिंबाला हाच भागाकार करतो.

तीन जागी करून दाखवते. टिंब निम्म्यावर, १.०४५ वर ठेव, म्हणजे सहा सेकंदांच्या तालात ढकलणं. वरच्या फुलीपासून अंतर १.०४५, खालच्या फुलीपासून ३.१३५, गुणाकार ३.२८. ४.३७ ला त्याने भागलं की १.३३. वरच्या फुलीचा बाण खाली बघतो, उणे ८८ अंशांच्या आसपास; खालच्याचा वर, साडेएकोणनव्वद अंश. एकमेकांना खाऊन फेज उरते उणे १ अंश. झोपाळा हाताबरोबर येतो-जातो.

टिंब दुपटीवर, ४.१८ वर ने. अंतरं २.०९ आणि ६.२७, गुणाकार १३.१, उत्तर एक तृतीयांश. दोन्ही बाण जवळजवळ सरळ वर, फेज उणे १७९. तू पुढे ढकलतेस तेव्हा झोपाळा मागे असतो. घाईने झोके देणाऱ्या लहान मुलाच्या हातात झोपाळा आपटतो तो यामुळे.

आणि आता टिंब २.०९ वर. वरच्या फुलीचा बाण फक्त ०.०२९ लांब, खालचा ४.१८. गुणाकार ०.१२१, उत्तर ३६. डेसिबलमध्ये ३१. एक बाण आखूड झाला आणि छेद कोसळला, एवढंच रेझोनन्समध्ये घडतं. कोन बघ : वरच्या फुलीचा बाण आडवा, शून्य अंश. खालचा जवळपास ९०. फेज उणे ९०. झोका जोराच्या पाव फेरी मागे असतो, म्हणजे जोर सगळ्यात जास्त हवा तो झोपाळा मधोमध असताना, वेग सगळ्यात जास्त असताना. सासूबाईंचा अंगठा लादीला टेकायचा तो बरोबर तिथे. झोपाळा मधून, सगळ्यात खालून जाताना. त्यांना कुणी उणे ९० अंश सांगितले नव्हते.

हे बाण काही माझी युक्ती नाहीत. वॉल्टर इव्हान्स या अमेरिकन इंजिनिअरने १९४८ मध्ये रूट लोकसची, म्हणजे के बदलला की पोल कसे सरकतात ते काढायची, पद्धत मांडली, ती याच बाणांच्या कोनांवर उभी आहे. त्यांनी स्पायरूल नावाचं प्लास्टिकचं साधन बनवलं होतं, कोनमापकाची चकती आणि तिला जोडलेली फिरती पट्टी. ती एकेका फुलीवरून फिरवत नेली की कोनांची बेरीज आणि लांब्यांचा गुणाकार आपोआप जमत जायचा. तुझ्याकडे फुटपट्टी आणि कोनमापक आहे. या रविवारी एकदा बसून कर, व्हायव्हाची भीती जाईल.

प्रश्न : नमस्कार ताई. मी इंदूरला भूभौतिकी शिकतो. एकाच भूकंपमापकाच्या पोल-झिरोच्या दोन फायली मिळाल्या. मुख्य पोल दोन्हींत तेच आहेत, −०.०३७ ± जे ०.०३७. पण एका फायलीत शून्यावर दोन झिरो आहेत आणि दुसरीत तीन. यातली चुकीची कुठली? आणि हे झिरो बरोबर शून्यावरच का?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. तुमच्या प्रश्नाने मला २६ जानेवारी २००१ ची सकाळ आठवली. ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भचाऊजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तिथून तीनशे किलोमीटरहून दूर इथे बडोद्यात आमच्या ओसरीवरचा रिकामा झोपाळा डुलायला लागला. मी दारात उभी होते. क्षणभर कळलंच नाही की हलतेय ती तुळई, आणि तुळईखालची जमीन.

त्या क्षणी तोच झोपाळा वेगळं यंत्र झाला होता. वर ज्याचे पोल मोजले त्याचे पोल तेच राहिले, कारण दांडे तेवढेच लांब आणि कड्या त्याच. पण आता ढकलणारा हात नव्हता, तुळई हलत होती. आणि बघायचं होतं ते तुळईच्या मानाने झोपाळा किती सरकला हे. समजा तुळई अगदी सावकाश, दहा मिनिटांत वीतभर सरकली. झोपाळाही तिच्याबरोबर सरकेल, आणि तुळईवर बसून बघणाऱ्याला काहीच हललेलं दिसणार नाही. सावकाश म्हणजे फ्रीक्वेन्सी शून्याजवळ, तिथे उत्तर शून्य, म्हणून झिरो शून्यावर. आणि एक नाही, दोन, कारण झोपाळ्याला जाणवतं ते तुळईचं त्वरण, आणि विस्थापनाचं दोनदा अवकलन केलं की त्वरण मिळतं. दर अवकलनाला एक एस, दर एसला शून्यावर एक झिरो.

मघाच्याच कागदावर शून्यापाशी दोन पोकळ गोल काढून बघा. के आता १. टिंब निम्म्यावर ठेवलं की १.०४५ चा वर्ग भागिले ३.२८, उत्तर एक तृतीयांश. २.०९ वर पुन्हा ३६. दुपटीवर १.३३. हाताने ढकलताना आलेला वक्र उलट्या बाजूने आला. टिंब खूप वर नेलं तर उत्तर १ कडे जातं : तुळई थरथरते आणि झोपाळा हवेत जागच्या जागी थांबतो. भूकंपमापकाला नेमकं हेच हवं असतं.

मला या विषयात सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. पोल त्या वस्तूचे असतात. झिरो ठरतात ते तुम्ही कुठून ढकलता आणि कुठून बघता यावर. झिरोंची यादी हातात आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा : इनपुट काय धरलंय, आउटपुट काय धरलंय?

तुमच्या फायलींचं उत्तर त्यातच आहे. तुमच्या मापकातून जमिनीच्या वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज मिळतं. इनपुट म्हणून जमिनीचा वेग धरला तर दोन्हीकडे वेग, म्हणून झोपाळ्यासारखेच झिरो दोन. इनपुट म्हणून जमिनीचं विस्थापन धरलं तर एक अवकलन वाढलं, झिरो तीन. भूकंपाच्या नोंदी हाताळणाऱ्या सॅक या प्रणालीच्या पोल-झिरो फायली विस्थापन धरून लिहितात, तुमची तीन झिरोंची फाइल बहुधा तीच. दोन झिरोंची फाइल वापरून निघालेल्या आलेखाच्या अक्षावर 'विस्थापन' लिहिलंत, तर मात्र चूक तुमची.

पोल तपासून घ्या. ०.०३७ चा वर्ग दोनदा मिळवून वर्गमूळ काढलं की ०.०५२३, ६.२८ ला त्याने भागलं की १२० सेकंद. म्हणजे हे १२० सेकंदांचं लांब पल्ल्याचं यंत्र आहे. टिंब त्याच ०.०५२३ वर ठेवा. वरच्या फुलीचा बाण ०.०४०, कोन साडेबावीस अंश. खालच्या फुलीचा ०.०९७, कोन साडेसदुसष्ट. दोघांची बेरीज बरोबर ९०. दोन झिरोंचे मिळून १८०, म्हणून फेज अधिक ९०. मॅग्निट्यूड ०.७१, म्हणजे उणे ३ डेसिबल. हे आकडे तुमच्या कॉम्प्युटरच्या आलेखावर त्या जागी आले नाहीत, तर पुढे एकही पाऊल टाकू नका.

आणि आकडे हर्ट्झमध्ये आहेत की रेडियनमध्ये, ते फायलीत लिहिलेलं असतं, तेवढं आधी वाचा. हे मी कळकळीने सांगते, कारण माझ्या हातून यात मोठी चूक झाली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मकरपुऱ्याजवळच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होते. कूलिंग टॉवरचा पंखा मिनिटाला ४२० फेरे घ्यायचा, म्हणजे ७ हर्ट्झ, आणि त्याच्या गिअरबॉक्सच्या कंपनांचा सिग्नल रेकॉर्डरवर जायचा. वरचा खरखराट काढायला १० हर्ट्झचा साधा फिल्टर हवा होता. मी पोल −१० वर लिहिला आणि त्यावरून एक लाख ओहमचा रेझिस्टर आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. एक हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६.२८ रेडियन, त्यामुळे पोल −६२.८ वर हवा होता. −१० चा फिल्टर १.६ हर्ट्झलाच कापायला लागतो.

७ हर्ट्झला टिंब ४४ वर येतं. −१० पासूनचा बाण ४५ लांब, त्यामुळे सिग्नल ०.२२ उरतो. −६२.८ पासूनचा बाण ७७, तेव्हा ०.८२ उरला असता. म्हणजे कंपनं कागदावर दिसायला हवी होती त्याच्या जेमतेम चौथाई दिसत होती. सगळे म्हणाले, सिग्नल किती स्वच्छ झाला. गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं तेव्हाच कळलं. कपॅसिटर ०.१५ मायक्रोफॅरडचा हवा होता. तो बदलला त्या दिवसापासून आजवर मी कुठल्याही पोलच्या आकड्यापुढे एकक लिहिल्याशिवाय पान उलटलेलं नाही.

प्रश्न : काकू, मी ग्वाल्हेरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये ऑडिओचं काम करतो. स्पीकर आणि खोली मिळून अठरा पोलांचं मॉडेल केलं. सगळे अवयव गुणून एक मोठी बहुपदी केली आणि सहगुणक सहा अंकांपर्यंत वहीत लिहून ठेवले. परत मुळं काढली तर काही पोल उजव्या बाजूला गेले, म्हणजे आवाज विरण्याऐवजी वाढतच जाणार. सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : सॉफ्टवेअर निर्दोष आहे, बहुपदी नाजूक आहे. ब्रिटिश गणिती जेम्स विल्किन्सन यांनी याचं जे उदाहरण दिलं, ते मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे. १, २, ३ असं करत २० पर्यंतच्या पूर्णांकांना मुळं मानून बहुपदी करा. मुळं इतकी सुटी सुटी, की गोंधळाला जागाच वाटत नाही. शेवटचं पद मात्र १९ अंकी होतं, आणि १९ व्या घाताचा सहगुणक येतो −२१०. त्यातून फक्त ०.००००००११९ वजा करा, म्हणजे २ चा उणे २३ वा घात. तेवढ्याने १६ आणि १७ ही दोन्ही मुळं वास्तव रेघ सोडून १६.७३ ± जे २.८१ वर जाऊन बसतात. तुम्ही तर सहा अंकांनंतरचं सगळंच सोडून दिलंत.

म्हणून गुणूच नका. पोल-झिरोंची यादी आणि के हेच तुमचं मॉडेल, ते तसंच जपा. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सला बहुपदी लागत नाही : प्रत्येक पोलपासून टिंबापर्यंतचा बाण काढा, लांब्यांचे लॉगॅरिदम मिळवा-वजा करा, कोन मिळवा-वजा करा. लॉगॅरिदम अशासाठी की हजारात असलेले अठरा आकडे गुणले की संख्या फुगून हाताबाहेर जाते. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सायपाय लायब्ररीमध्ये झिरो, पोल आणि के अशाच यादीतून रिस्पॉन्स देणारं फंक्शन आहे, ते वापरा. प्रत्यक्ष फिल्टर बसवायचा असेल तर एकेक संयुग्मी (वर-खालची) जोडी घेऊन दोन-दोन पोलांचे छोटे टप्पे करा आणि एकामागे एक लावा. प्रत्येक टप्प्याच्या छेदात तीनच सहगुणक, चुकायला जागा कमी. वहीतली ती बहुपदी खोडून टाका, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हीच ती पुन्हा वापराल.

प्रश्न : ताई, आमची आई घरगुती बैठकीत गायची. तिच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या, पण मागे सतत घूं असा आवाज आहे. विजेचा ५० हर्ट्झचा म्हणतात. तो काढताना तानपुरा तर जाणार नाही ना? आई काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गायची.
— एक वाचक, रावपुरा, बडोदा

उत्तर : काळी चार सांगितलीत ते फार बरं केलंत, सगळं उत्तर त्यावरच आहे. घूं काढायला उभ्या रेघेवर बरोबर ३१४ वर, म्हणजे ५० हर्ट्झवर, झिरोची जोडी ठेवायची. टिंब तिथे आलं की बाणाची लांबी शून्य, आवाज शून्य. पण नुसते झिरो ठेवले तर अख्खं गाणं वाकडं होईल, म्हणून त्यांच्या लगेच डावीकडे पोलची जोडी, −१० ± जे ३१४. टिंब दूर गेलं की फुली आणि गोल दोघांचे बाण सारख्याच लांबीचे होतात आणि परिणाम उरत नाही.

खरी काळजी १०० हर्ट्झची. विजेच्या घूंमध्ये ५० च्या दुपटीचाही भाग असतो, आणि काळी चारच्या तानपुऱ्याचा खरज (खालच्या सा ची तार) सुमारे १०४ हर्ट्झवर येतो. अगदी शेजारी. १०० साठी दुसरा फिल्टर लावताना पोल झिरोपासून किती दूर ठेवता ते बघा. खरजापर्यंतचं अंतर २४ रेडियन आहे. पोल −१० वर ठेवला तर त्याचा बाण २६ लांब, २४ भागिले २६, खरज ०.९२ उरतो, कानाला जाणवणार नाही. पोल −३० वर नेला तर बाण ३८ होतो आणि खरजाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त आवाज जातो. मग तानपुरा पोकळ वाटेल आणि कारण कळणार नाही. उलट पोल अगदी चिकटवून −१ वर ठेवलात, तर फिल्टर स्वतःच सेकंदभर गुंजत राहतो. −१० ते −५ च्या मध्ये राहा.

त्याआधी घूंची खरी फ्रीक्वेन्सी मोजून घ्या. आई गायला बसायच्या आधीचं जे शांत सेकंद-दोन सेकंद असेल, तेवढ्या तुकड्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख, काढा. कॅसेट एक टक्का जरी जास्त वेगाने फिरली असेल तर ५० चे ५०.५ होतात, आणि ५० वर बसवलेला फिल्टर घूं पूर्ण पुसत नाही, तीस टक्के तशीच राहते. शिवाय वेग तेवढा जास्त असेल तर आईचा सूरही तेवढाच चढलेला असणार, तो आधी जागेवर आणा आणि मग फिल्टर लावा. कॅसेटवरून पहिल्यांदा उतरवलेली फाइल घूंसकट तशीच वेगळी ठेवा, हे सगळं तिच्या प्रतीवर करा.